हाताचे तारण



श्रीरामपूरला रेल्वेने येणारा नवखा प्रवासी क्षणभर गोंधळतो. फलाटावरील पाटीवर नाव असते बेलापूर आणि स्थानकाबाहेर पाऊल टाकावे तो गाव लागते श्रीरामपूर. मूळचे बेलापूर प्रवरेच्या काठी, येथून काही अंतरावर आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावर त्याच्या नावाने जे स्थानक झाले, त्याच्याभोवती ही बाजारपेठ वाढत गेली. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहते झाले आणि या माळरानावर ऊस उभा राहिला. हरेगाव आणि टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने निघाले. जवळच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील यांनी 1923 साली शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था काढली आणि त्याच परिसरात, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली, 1950 साली महाराष्ट्रातील पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पाणी आणि पत या दोन गोष्टींनी या टापूचे भाग्य बदलले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु या पतव्यवस्थेचा पाया होता सातबारा. ज्याच्या नावावर जमीन आणि जमिनीत पीक, त्याला कर्ज. शेतकरी सावकाराच्या पाशातून सुटावा यासाठी ही व्यवस्था उभी राहिली आणि तिने ते काम मोठ्या प्रमाणावर केलेही. मात्र त्याच गावात, त्याच शेतकऱ्याची दाढी करणारा एक माणूस राहत होता. त्याच्यापाशी जमीन नव्हती, असलीच तर तुकडा. त्याची सारी मालमत्ता खांद्यावरच्या धोकटीत मावत असे. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा. न्हाव्याच्या धोकटीचा सातबारा कोणत्या तलाठ्याने लिहावा?

आजच्या विषयाचे मूळ या प्रश्नात आहे. पतिपत्नींनी मिळून, बँकेचे छोटे कर्ज घेऊन केशकर्तनालय उघडणे ही वरवर पाहता घरगुती गोष्ट. वर्तमानपत्रात तिची बातमी होत नाही. परंतु तिच्या पोटात एक मोठे सामाजिक स्थित्यंतर दडलेले आहे. हातातील कौशल्य हेच तारण, असे प्रथमच मानले जाऊ लागले आहे.

जुन्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या 1915 सालच्या ग्रंथात त्या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आले आहे. वर्षभर घरोघर जाऊन हजामत करायची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे. लग्नकार्यातही त्याला व त्याच्या घरच्या स्त्रीला ठरलेली कामे असत. या व्यवस्थेने पोटाची हमी दिली, हे खरे. पण तिने भावही ठरवू दिला नाही आणि धंदा वाढवूही दिला नाही. बलुत्यावर जगणारा माणूस गावाचा असतो, स्वतःच्या दुकानाचा मालक नसतो. पुढे रोख पैशाचा व्यवहार वाढला, बलुते आटले आणि धोकटी खांद्यावरून उतरून बाजारपेठेतील खुर्चीमागे येऊन बसली. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या छत्राखाली तालुकावार बलुतेदार सहकारी संस्थाही निघाल्या. तरीही बँकेच्या दारात गेलेल्या कारागिराला पहिला प्रश्न विचारला जाई तो एकच : तारण काय आणि जामीन कोण?

ज्या समाजाची पत अशी नाकारली गेली, त्याच समाजातील एका तरुणाने दुसऱ्यांची पत उभी केली, याचे स्मरण येथे अस्थानी ठरू नये. माथेरानच्या नाभिक कुटुंबात 1912 साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले. कर्जत परिसरातील शेतकरी सावकाराच्या धान्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या गहाण पडत होता. त्याच्यासाठी त्यांनी धान्यकोठी काढली. अडल्या वेळी धान्य न्यावे आणि सुगीला परत करावे. पुढे स्वातंत्र्यलढ्यात 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. त्यांच्या बलिदानाइतकीच त्यांची धान्यकोठीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता श्रीरामपुरातील एका दांपत्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. नावगाव महत्त्वाचे नाही; अशी जोडपी प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतात. पती दहा वर्षे दुसऱ्याच्या दुकानात खुर्चीवर उभा आहे. कमाईत मालकाचा निम्मा वाटा. पत्नीने ब्यूटी पार्लरचे शिक्षण घेतले असून घरच्या पुढच्या खोलीत ती थ्रेडिंग, मेंदी आणि नवरीची सजावट करते. दोघांच्या मनात एकच गाळा आहे. एका बाजूस पुरुषांचे सलून, मध्ये पडदी आणि पलीकडे स्त्रियांसाठी वेगळी जागा. अडचण फक्त भांडवलाची. गाळ्याची अनामत रक्कम, दोन-तीन खुर्च्या, आरसे, केस कापण्याची यंत्रे, पाण्याची टाकी, वीजजोडणी, रंगरंगोटी. खासगीत व्याजाने पैसे देणारा शेजारीच बसलेला असतो. तो कागद मागत नाही, म्हणून सोपा वाटतो. पण त्याचे व्याज महिन्यावर चालते आणि मुद्दल वर्षानुवर्षे जागचे हलत नाही.

या जोडप्यासमोर आज दोन सरकारी मार्ग ठळकपणे आहेत. पहिला पंतप्रधान मुद्रा योजनेचा. 8 एप्रिल 2015 रोजी ती सुरू झाली. 50 हजारांपर्यंत 'शिशु', त्यापुढे 5 लाखांपर्यंत 'किशोर' आणि 10 लाखांपर्यंत 'तरुण' असे तिचे टप्पे आहेत. 'तरुण'मधील आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी 2024 साली 20 लाखांपर्यंतचा 'तरुण प्लस' हा टप्पा आला. 'मुद्रा' ही संस्था स्वतः कर्जदाराला पैसे देत नाही. ते बँका व अन्य वित्तसंस्था देतात आणि त्यांच्या जोखमीला हमी निधीचा आधार असतो. म्हणून तारण मागितले जात नाही. या योजनेसाठी कोणी दलाल नेमलेला नाही, हेही सर्वांनी पक्के ध्यानात ठेवावे. कर्ज मंजूर करून देतो असे सांगून आधी पैसे मागणारा मनुष्य कोणाचाही असो, तो योजनेचा नव्हे.

दुसरा मार्ग पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा. 17 सप्टेंबर 2023 रोजी, विश्वकर्मा जयंतीला, तिचा प्रारंभ झाला. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी यांच्यासह 18 व्यवसाय तिच्यात असून नाभिक व्यवसाय त्यांपैकी एक आहे. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते आणि शहरात पहिली पडताळणी नगरपरिषदेकडून होते. काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि त्यानंतर विनातारण कर्ज. पहिल्या हप्त्यात 1 लाखापर्यंत, फेड 18 महिन्यांत. ते नीट फेडल्यावर 2 लाखांपर्यंत, फेड 30 महिन्यांत. कारागिराला व्याज पडते 5 टक्के; वरचा भार केंद्र सरकार उचलते.

कर्ज मिळणे ही मंगलाष्टके झाली. संसार पुढेच असतो. म्हणून थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. समजा, या दांपत्याने 3 लाखांचे मुद्रा कर्ज 11 टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता येईल सुमारे 6,523 रुपये. पाच वर्षांत व्याजापोटी जातील 91 हजारांहून थोडे अधिक. महिन्यात 26 दिवस दुकान उघडे राहिले, तर रोजचे सुमारे 250 रुपये बँकेचे झाले. एका गिऱ्हाइकामागे खर्च वजा जाता 50 रुपये उरत असतील, तर दिवसाची पहिली पाच गिऱ्हाइके बँकेची. त्यापुढची काही गाळामालकाची, काही विजेची आणि मदतनिसाच्या पगाराची. घराची वेळ त्यानंतर येते. विश्वकर्मा योजनेतील 1 लाखाचा हप्ता याच पद्धतीने सुमारे 5,778 रुपये येतो. रक्कम तिपटीने लहान, पण मुदत कमी असल्यामुळे मासिक ओझे जवळजवळ तेवढेच. मात्र सर्व मिळून व्याज जाते 4 हजारांच्या आसपास. स्वस्त कर्ज हे हलके कर्ज असतेच असे नाही, हा धडा या दोन आकड्यांतून मिळतो.

या धंद्याला स्वतःचे ऋतू आहेत. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी खुर्ची रिकामी राहत नाही. श्रावण लागला की अनेक घरांतील पुरुष दाढी-केसांना हात लावू देत नाहीत. वारांची पथ्ये पाळणारेही पुष्कळ. उसाची बिले जमा झाली की बाजारपेठ हलते आणि लांबली की न्हाव्याच्या दुकानातही शांतता पसरते. बँकेचा हप्ता मात्र श्रावण ओळखत नाही. यास्तव वैशाखातच श्रावणाचा हप्ता बाजूला काढून ठेवणे, ही या व्यवसायातील खरी हुशारी होय. 2020 सालच्या टाळेबंदीने तर हे फार कठोरपणे शिकवले. मार्च अखेरीस बंद झालेली महाराष्ट्रातील केशकर्तनालये 28 जूनला उघडली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरती. दाढीला तेव्हा परवानगी नव्हती. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण त्या काळाचे व्याज थांबले नाही. तीन महिन्यांच्या हप्त्याची आणि भाड्याची शिल्लक हाताशी असणे ही चैन नसून दुकानाचा विमा आहे, हे त्या वर्षाने पटवले.

हिशेबाचा दुसरा अर्धा भाग अधिक नाजूक आहे. दुकानाचा गल्ला आणि घरचा डबा वेगळे असले पाहिजेत. संध्याकाळी गल्ल्यातून भाजी, उद्या त्यातूनच मुलांची फी, परवा पाहुण्यांचा आहेर, असे होऊ लागले की धंदा चालतो की बुडतो हे धंदा करणाऱ्यालाही कळत नाही. दांपत्याने स्वतःसाठी ठरावीक पगार घ्यावा, रोजची आवक वहीत लिहावी आणि ती वही दोघांनी पाहावी. 'दोघांनी' या शब्दावर येथे जोर दिला पाहिजे, कारण आजच्या विषयातील खरी कसोटी तिथेच लागते.

एप्रिल 2025 मध्ये मुद्रा योजनेला दहा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार 52 कोटींहून अधिक कर्जे आणि 32 लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर झाली होती. लाभार्थींत 68 टक्के स्त्रिया होत्या. हा आकडा अभिमानाचा आहे. परंतु प्रत्येक घराने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. कर्ज जिच्या नावावर आहे, तिला हप्त्याची तारीख ठाऊक आहे काय? खात्याचे पुस्तक तिच्या हाती आहे काय? सहीपुरती मालकीण आणि फेडीपुरती कर्जदार, अशी जर तिची स्थिती असेल, तर तो तिचा सन्मान नव्हे. विश्वकर्मा योजनेत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. पती, पत्नी आणि अविवाहित मुले हे एक कुटुंब मानून त्यांपैकी एकालाच नोंदणी मिळते. मग नाव कोणाचे? सवयीने उत्तर येते, पतीचे. कदाचित ते योग्यही असेल. पण ते सवयीने न येता दोघांच्या विचाराने यावे. वस्तरा ज्याच्या हाती आणि वही जिच्या हाती, त्या दोघांचेही दुकान आहे, हे कागदावर नाही तरी व्यवहारात दिसले पाहिजे.

स्त्री आणि केस कापणारा हात यांचा महाराष्ट्रातील इतिहास वेदनेचाही आहे. विधवेचे केशवपन ही क्रूर रूढी येथे दीर्घकाळ चालली आणि ते काम नाभिकाकडून करवून घेतले जाई. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन ते न करण्याचा निर्धार केला. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकतीवर पाणी सोडून धर्म कशात आहे हे शिकल्यासवरलेल्यांना दाखवून दिले. समाजसुधारणेच्या इतिहासात या घटनेला जेवढे स्थान मिळावयास हवे होते, तेवढे मिळाले नाही.

त्यानंतर शतक उलटण्यापूर्वीच काळाने एक विलक्षण वळण घेतले. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात हसूरसासगिरी नावाचे गाव आहे. तेथील शांताबाई श्रीपती यादव यांचे पती नाभिक व्यवसाय करीत. 1984 साली ते अकाली गेले. पदरात चार मुली, शेतमजुरीवर पोट भरेना, जीव द्यावा असे विचार मनात येऊ लागले. त्या वेळी गावातील एका जाणत्या गृहस्थाने पतीचाच वस्तरा हाती घेण्याचा सल्ला दिला आणि पहिले गिऱ्हाईक म्हणून तेच पुढे बसले. लोक हसले, नावे ठेवली. शांताबाई धोकटी घेऊन आसपासच्या गावांतून फिरत राहिल्या. एक रुपयात हजामत, जनावरांचे केसही भादरायचे. त्या कमाईवर त्यांनी मुली वाढवल्या आणि त्यांची लग्ने केली. ज्या समाजात एके काळी विधवेच्या डोक्यावर वस्तरा चालवला जाई, त्याच समाजात एका विधवेने तो स्वतःच्या हाती धरून संसार तारला. शांताबाईंना बँकेचे कर्ज नव्हते, योजना नव्हती. त्यांना मिळाले ते एका माणसाचे आधी पुढे येऊन खुर्चीत बसणे. समाजाने दिलेली पत ती हीच.

येथे एका आक्षेपाचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. परंपरागत व्यवसायासाठी साहाय्य देणे म्हणजे न्हाव्याच्या मुलाला न्हावीच ठेवणे नव्हे काय? तमिळनाडू शासनाने 2024 साली असाच मुद्दा मांडून विश्वकर्मा योजना आहे त्या स्वरूपात स्वीकारण्यास नकार दिला. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या वास्तव्यात हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांत व्यवसायबंदी ही एक होती. जन्माने व्यवसाय ठरवणे ही बेडी आहे. पण बेडी तुटते ती दोन्ही बाजूंनी. नाभिकाच्या मुलीला डॉक्टर होता आले पाहिजे आणि ज्याच्या घरात पूर्वी कोणी कात्री धरली नाही, त्या तरुणालाही हे काम शिकून सन्मानाने दुकान थाटता आले पाहिजे. बाजारात हे घडू लागलेही आहे. शहरांतील चकचकीत सलूनमध्ये कात्री चालवणाऱ्याची जात कोणी विचारत नाही. मग तालुक्याच्या गावी, पिढ्यान्‌पिढ्या ती कला जपलेल्या दांपत्यालाच भांडवलाअभावी मागे का राहावे लागावे? कर्जाने त्यांना त्या व्यवसायात बांधू नये; त्या व्यवसायाचे मालक करावे. आणि त्यांच्या मुलांनी पुढे काय व्हावे, हे मुलांनीच ठरवावे.

संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायातील साधनांनाच परमार्थाच्या प्रतिमा केले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही त्यांच्या नावाचे पद समाविष्ट आहे. प्रतापगडावरील जिवा महाला आणि पन्हाळगडच्या वेढ्यातील शिवा काशीद यांची नावे शिवचरित्र वाचणाऱ्या प्रत्येक घरात आदराने घेतली जातात. जयंती-पुण्यतिथीला ही नावे घ्यायची आणि त्याच कुळीचा तरुण गाळा भाड्याने मागायला आला की 'सलूनसाठी देत नाही' असे सांगायचे, ही विसंगती समरसतेच्या गोष्टी करणाऱ्यांनी तरी टाळली पाहिजे. पुरुषांच्या खुर्चीमागे स्त्री उभी दिसली की चेष्टेचे शब्द काढणारेही परके कोणी नसतात. ते आपल्याच घरांतले असतात. त्यांना घरातच थांबवले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे मोठी नाहीत. अर्ज भरताना कागद समजावून द्यावे. दलालापासून सावध करावे. उद्यम नोंदणी आणि दुकान नोंदणीची सूचना वेळेवर देण्याची आठवण करावी. पहिल्या वर्षात महिन्यातून एकदा त्या दुकानी जाऊन हप्ता गेला का एवढे आपुलकीने विचारावे. आणि केस वाढले की शहरातील मोठ्या दुकानाऐवजी त्या खुर्चीत जाऊन बसावे, पुरे पैसे द्यावे, उधारी ठेवू नये. ओळखीच्या माणसांची उधारी हेच छोट्या धंद्याचे पहिले दुखणे असते.

दांपत्याची जबाबदारीही तितकीच. विनातारण कर्ज बुडवणारा केवळ बँकेचे पैसे बुडवत नाही. त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या कारागिराचा हक्क तो बुडवतो. जमीन तारण असेल तर बँक जमिनीकडे पाहते. हात तारण असेल तर ती माणसाकडे पाहते, आणि एका माणसावरून दुसऱ्याविषयी मत बनवते.

साठ हप्ते संपतील त्या दिवशी या गावात काही सोहळा होणार नाही. सकाळी शटर वर जाईल, आरसा पुसला जाईल, धुतलेले टॉवेल वाळत पडतील आणि पहिले गिऱ्हाईक खुर्चीत बसेल. फरक एवढाच, की त्या दिवसापासून ती पहिली पाच गिऱ्हाइके त्या दोघांची असतील.